अकरा जणांत ‘अपने कितने?’

५ ऑक्टोबर २०२४ ची रात्र. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानने मोहमेडन स्पोर्टिंगला ३-० असं हरवलं होतं. तिन्ही गोल मध्यंतराच्या आतच झाले होते. सामना संपतो न संपतो तोच माझ्या फोनवर दोन मेसेज आले. पहिला कॉलेजातल्या एका जुन्या मित्राचा : ‘काय रे, तुमची टीम हरली की!’ दुसरा मामेभावाचा : ‘भाईजान, टीम में अपने थे कितने?’

दोघंही माझ्या जवळचे आहेत, दोघांच्याही मनात काही वाईट नाही. पण दोघांपैकी एकानेही सामना पाहिला नव्हता. एकाने क्लबचं नाव वाचलं आणि तो संघ मला देऊन टाकला. दुसऱ्याने खेळाडूंच्या यादीवरून नजर फिरवली आणि नावं मोजली. नव्वद मिनिटं त्या अकरा जणांनी मैदानावर काय केलं, याच्याशी ‘तुमची’वाल्याला देणंघेणं नाही आणि ‘अपने’वाल्यालाही नाही. माझं भांडण या दोन्ही शब्दांशी आहे.

मी कोल्हापूरचा. फुटबॉल मला पुस्तकातून कळलेला नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं ऐकत मी मोठा झालो. आमच्याकडे संघ पेठेचा असतो, तालमीचा असतो. ‘दिलबहार’ हे नाव ऐकून त्यात मुसलमान किती, असं शाहू स्टेडियमवर कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, डावा विंगर कोण आहे आणि गुडघा बरा झाला का त्याचा? भांडणं होतात, कडाक्याची होतात, पण ती पेठेवरून. ७ जून २०२३ ला या शहरात जे घडलं त्यानंतर ‘आपला’ आणि ‘तुमचा’ हे शब्द आम्ही जरा जपून वापरायला शिकलो. म्हणूनच ते दोन मेसेज मला हसून सोडून देता आले नाहीत.

पाच सामने काय सांगतात?

मोहमेडन स्पोर्टिंग हा १८९१ सालचा क्लब. एप्रिल २०२४ मध्ये त्याने शिलाँगमध्ये लाजोंगला हरवून पहिल्यांदाच आय-लीग जिंकली आणि इंडियन सुपर लीगचं दार त्याला उघडलं. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तिथे २०२० पासूनच आहेत. कोलकात्याचा हा तिसरा मोठा क्लब चार वर्षं बाहेर उभा होता. तो आत आला तेव्हा अनेकांना भरून आलं, मलाही आलं. ते लपवण्याचं कारण नाही.

२०२४-२५ चा मोसम सुरू होऊन पाच सामने झाले होते. संघाचा स्वभाव कळायला पाच सामने थोडे आहेत, पण तो दिसायला लागतो. पहिल्या सामन्यात १६ सप्टेंबरला नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना १-० ने हरवलं. तो एकमेव गोल भरपाईच्या वेळेत झाला. दुसऱ्या सामन्यात एफसी गोवाविरुद्ध अर्जेंटिनाच्या अलेक्सिस गोमेझने पेनल्टीवर आघाडी मिळवून दिली, पण पुन्हा भरपाईच्या वेळेत अरमांडो सादिकूने बरोबरी साधली. तिसऱ्या सामन्यात चेन्नईत जाऊन चेन्नईयनला १-० ने हरवलं. गोल मिझोरामच्या लालरेमसांगा फनाईचा. चौथ्यात मोहन बागानने धडा शिकवला. पाचव्यात, २० ऑक्टोबरला, उझबेकिस्तानच्या मिरजालोल कासिमोवने पेनल्टीवर आघाडी घेऊन दिली आणि उत्तरार्धात केरळ ब्लास्टर्सने दोन गोल करून सामना नेला.

हिशेब मांडा. पाच सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, तीन पराभव, चार गुण. तीन गोल केले, त्यातले दोन पेनल्टीवर. सात गोल खाल्ले. पहिल्या दोन सामन्यांत भरपाईच्या वेळेत ते दोन गोल झाले नसते तर तेव्हा चारऐवजी सात गुण असते. मोहन बागानविरुद्धचा सामना सोडला तर तोवर हा संघ कुठेच चिरडला गेला नव्हता. तेव्हाचे रशियन प्रशिक्षक आंद्रेय चेर्निशोव यांची पोरं मागे बसून राहत नव्हती, चेंडू गेला की लगेच अंगावर जात होती. ताकदीने आणि पैशाने मोठ्या असलेल्या संघांशी ती तासभर बरोबरीने खेळत होती. मग दमत होती. दमल्यावर मैदानात उतरवायला त्याच दर्जाचे ताजे गडी बाकावर नव्हते. पुढे गोल करणारा हुकमी माणूस नव्हता, म्हणून आघाडी एका गोलाची राहत होती, आणि एका गोलाची आघाडी दमलेल्या पायांनी टिकत नाही.

ही या संघाची तेव्हा घडत असलेली ओळख होती : धीट, घाई करणारा आणि शेवटच्या घटकेत हातचं घालवणारा संघ. त्यात मिझो होते, मणिपुरी होते, बंगाली होते, केरळी होते. गोलरक्षक पदम छेत्री होता. अर्जेंटिना, उझबेकिस्तान, घाना इथले परदेशी होते. यात ‘अपने कितने’ याचं उत्तर द्यायचं तर मी काय देऊ? चेन्नईतला तो एकमेव विजय ज्याच्या गोलाने मिळाला तो फनाई ‘अपना’ नाही का? आणि तो नसेल, तर तो विजय मग कुणाचा?

त्याआधीच्या मोसमात या संघासाठी गोलांचा पाऊस पाडणारा डेव्हिड लालह्लानसांगा २०२४ च्या उन्हाळ्यात ईस्ट बंगालला निघून गेला. पुढे जी पोकळी दिसली ती तिथून सुरू झाली. पण मोहल्ल्याच्या ग्रुपवर त्याबद्दल एकही मेसेज फिरला नाही. नाव मोजणाऱ्याला डेव्हिड जाण्याचं दुःख होत नाही, कारण त्याने त्याला कधी धरलंच नव्हतं.

तीसच्या दशकातली शान कशाची होती?

आता मामेभाऊ म्हणेल, ‘पण भाईजान, एके काळी पूर्ण टीम अपनीच होती आणि तेव्हाच तर आपण जिंकत होतो!’ हा युक्तिवाद मी अनेक बुजुर्गांकडूनही ऐकला आहे. त्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो अर्धा खरा आहे.

१९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली. १९३४ च्या आधी ती कोणत्याही भारतीय क्लबला एकदाही जिंकता आली नव्हती. १९४० मध्ये दिल्लीत रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून ड्युरँड कप जिंकला, गोऱ्या लष्कराच्या त्या स्पर्धेत पहिल्यांदाच भारतीय नागरी संघ विजेता ठरला. त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स कपही घेतला. अंतिम सामन्यात समोर होता बंगलोर मुस्लिम्स, १९३७ मध्ये रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ. म्हणजे त्या काळी मुसलमान पोरांचा फुटबॉल किती वर होता, हे आपल्या मुंबईच्या मैदानानेही पाहिलेलं आहे.

हे सगळं खरं आहे. पण ते का घडलं? सगळे कलमा पढणारे होते म्हणून? तसं असतं तर १८९१ ते १९३३ या बेचाळीस वर्षांतही सगळे कलमा पढणारेच होते. तेव्हा लीग का मिळाली नाही?

ते घडलं कारण तीसच्या दशकात क्लबने तीन साध्या गोष्टी केल्या. एक, कलकत्त्याच्या गल्लीबाहेर नजर टाकली आणि बंगळूरपासून क्वेट्यापर्यंत चांगले खेळाडू हेरून आणले. दोन, पावसाळी चिखलात अनवाणी खेळण्याचा हट्ट सोडला आणि ओल्या मैदानावर बूट घातले. इतर भारतीय संघ घसरत होते तेव्हा हे उभे राहिले. तीन, शिस्त आणि तंदुरुस्तीवर मेहनत घेतली. श्रद्धा घरची होती, पण लीग बुटांनी आणि मेहनतीने आली. त्या संघाची शान आपण आजही सांगतो, मात्र त्यातले बूट विसरतो आणि टोप्या तेवढ्या लक्षात ठेवतो.

आणखी एक आठवण. ड्युरँडच्या त्या अंतिम सामन्यात शिट्टी कॅप्टन हरनाम सिंग या शीख पंचाच्या तोंडी होती. गोऱ्यांच्या फौजेविरुद्ध मुसलमानांचा संघ, निवाडा करणारा शीख आणि विजय साऱ्या हिंदुस्थानचा. हा इतिहास ‘अपने’ या शब्दात मावत नाही.

मोजणीचा हा खेळ किती तोकडा असतो हे मुंबईनेही पाहिलंय. बॉम्बे पेंटँग्युलर ही क्रिकेट स्पर्धा : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘द रेस्ट’. मैदान खचाखच भरायचं. १९४० मध्ये गांधीजींनी तिच्याविरुद्ध मत दिलं आणि १९४६ मध्ये ती कायमची थांबली. पण धर्माच्या नावाने बांधलेल्या त्या संघांत आतल्यांना तरी न्याय होता का? पळवणकर बाळू हा त्या काळचा थोर गोलंदाज हिंदू संघाचा आधार होता, पण दलित म्हणून त्याला कप्तानपद दिलं गेलं नाही. विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘उरलेल्यां’त. त्यांनी १९४३ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या. ‘आपले कितीजण’ हे मोजायला बसलं की मोजणी तिथेच थांबत नाही, ती घरात शिरते. आपल्या जमातीतही बिरादऱ्या आहेत, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

मग नाव बदलायचं का?

आता पहिल्या मित्राकडे वळतो. त्याच्यासारखे सुशिक्षित, स्वतःला सेक्युलर म्हणवणारे लोक मला समजुतीच्या सुरात सांगतात : एवढं सगळं मान्य आहे ना, मग क्लबचं नाव बदला. विसाव्या-एकविसाव्या शतकात धर्माच्या नावाचा क्लब कशाला?

यावर माझं उत्तर स्पष्ट आहे. नाव बदलायची काही गरज नाही. मरीन ड्राइव्हवर एका रांगेत पारसी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना उभे आहेत. तिथून रोज जाणारा मुंबईकर त्या तिन्ही पाट्या वाचतो, आणि नाव बदलण्याचा सल्ला नेमका एकाच पाटीसाठी त्याला सुचत असेल तर दोष पाटीत नाही. मोहमेडनच्या संघात दुसऱ्या धर्मांचे खेळाडू गेली कित्येक दशकं खेळत आले आहेत. नायजेरियाचा चिमा ओकोरी, ज्याच्यावर नंतर अख्खं कोलकाता फिदा झालं, तो भारतात आला तो १९८५ मध्ये याच क्लबकडे. दार उघडंच आहे. दारावरची पाटी वाचून बाहेर थांबणाऱ्यांनी ते एकदा ढकलून पाहावं.

ज्यांना तुलना हवी त्यांनी ग्लासगोकडे पाहावं. मी ग्लासगोचं नाव उगाच घेत नाही. १९३६ मध्ये मोहमेडनचाच मोहम्मद सलीम तिथल्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने खेळला, अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून. सेल्टिक हा आयरिश कॅथलिक गरिबांसाठी एका धर्मबंधूने सुरू केलेला क्लब. त्याची ती ओळख आजही पुसलेली नाही. पण १९६७ मध्ये त्याला युरोपियन कप मिळवून देणारा प्रशिक्षक जॉक स्टीन प्रोटेस्टंट होता. शहरातल्या दुसऱ्या बाजूला रेंजर्सने मात्र अनेक दशकं कॅथलिक खेळाडू जवळपास घेतलेच नाहीत. १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेतलं तेव्हा गावभर गहजब झाला. बघा, ‘रेंजर्स’ या नावात धर्माचा मागमूस नाही, पण दार बंद होतं. सेल्टिकच्या जन्मातच धर्म होता, पण दार उघडं होतं. तेव्हा पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा दार कुणासाठी उघडतं हे बघा.

आणि ‘तुमची टीम’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही, हेही मित्राला सांगायला हवं. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले होते. शिव्या मात्र मोहम्मद शमीला वेगळ्या पडल्या, विराट कोहलीला त्याच्या बाजूने जाहीरपणे बोलावं लागलं. जिंकलो तर ‘आपण’, हरलो तर ‘तुमचा’. हा हिशेब आम्ही चांगलाच ओळखतो. म्हणून तो गमतीत केलेला असला तरी आमच्या कानाला लागतो.

बाटल्यांचं काय करायचं?

इथवर वाचून मोहल्ल्यातले माझे मित्र खूश झाले असतील. आता त्यांना न आवडणारं.

२० ऑक्टोबरला केरळविरुद्धच्या सामन्यात आपल्या प्रेक्षकांच्या गर्दीतून पाहुण्या संघाच्या समर्थकांकडे बाटल्या आणि काय काय भिरकावलं गेलं. खेळ थांबवावा लागला. केरळहून शेकडो मैल प्रवास करून आलेली ती पोरं होती, ज्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचा संघ जिंकत होता.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सगळे गप्प. एकाने लिहिलं, ‘मीडिया आपल्यालाच टार्गेट करतो, बाकीच्यांच्या मॅचमध्ये होत नाही का?’ होतं. आमच्या कोल्हापुरातही हुल्लडबाजीपायी सामने थांबलेत, मी स्वतः गर्दीत चेंगरत बाहेर पडलेलो आहे. पण ‘बाकीचेही करतात’ ही सबब कुणाला शोभते? शमीच्या वेळी आपण म्हणालो, एकाच्या नावावर सगळ्यांना धरू नका. बरोबर होतं. मग बाटली फेकणारा हात ‘अपना’ आहे म्हणून त्याला पाठीशी घालणं कसं बरोबर? फनाईचा गोल आपला म्हणायला आपण कचरतो आणि बाटली फेकणाऱ्याला मात्र लगेच कवेत घेतो. ही कुठली कौमपरस्ती? त्या संध्याकाळी मैदानावर जे पोरगं धाप लागेपर्यंत पळत होतं, त्याच्या पाठीत पहिली बाटली बसली ती आपल्या स्टँडमधून.

हक्क हवा तर हिशेब मागा

मोहमेडनशी माझा काही संबंध नाही असं मी म्हणत नाही. आहे. काळ्या-पांढऱ्या जर्सीतला तो संघ मैदानात येतो तेव्हा मी खुर्ची पुढे ओढतो. माझ्या अब्बांनी त्या संघाचं नाव ज्या सुरात घेतलं तो सूर माझ्या कानात आहे. पण नातं सांगायचं असेल तर त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. मुलाचा बाप असल्याचं मिरवायचं आणि त्याच्या शाळेत एकदाही डोकवायचं नाही, असं चालत नाही.

म्हणून ज्यांना हा क्लब ‘अपना’ वाटतो त्यांनी नावं मोजण्यापेक्षा हे प्रश्न विचारावेत. खेळाडूंचे पगार महिन्याच्या महिन्याला होतात का? जुने पदाधिकारी आणि नवे गुंतवणूकदार यांच्यात निर्णय कोण घेतो, आणि चुकला तर उत्तर कोण देतो? जानेवारीत खेळाडू घेण्याची संधी येईल तेव्हा गोल करणारा पुढचा गडी आणण्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत का? मटियाबुर्ज, खिदिरपूर, पार्क सर्कसच्या गल्ल्यांत चेंडू लाथाडणाऱ्या पोरांना क्लबच्या मैदानापर्यंत पोहोचवणारी काही व्यवस्था आहे का? यातला एकही प्रश्न धर्माचा नाही. पण यांची उत्तरं मिळाली तर त्या गल्लीतली पोरंही अकरा जणांत दिसतील, मोजणी न करता दिसतील आणि स्वतःच्या पायांवर दिसतील.

२६ ऑक्टोबर २०२४ ला, शनिवारी, मोहमेडनचा सामना हैदराबादशी होता. हैदराबाद एफसी मार्च २०२२ मध्ये इंडियन सुपर लीगचा विजेता होता. दोन वर्षांत पगार थकले, खेळाडू एकामागून एक सोडून गेले आणि २०२३-२४ च्या मोसमात तोच संघ तळाला होता. सगळ्या देशाने कौतुक केलेली ओळख कुणा विरोधकाने नव्हे, न झालेल्या पगारांनी पुसली. त्या शनिवारी समोर दिसणाऱ्या या संघाकडे मोहमेडनच्या कारभाऱ्यांनी आणि आपण सगळ्यांनी नीट बघून घ्यायला हवं होतं.

मामेभावाला मी उत्तर लिहिलं : ‘अकराच्या अकरा. पण पंचाहत्तराव्या मिनिटानंतर उतरवायला बाकावर कोण आहे, ते विचार.’ त्याने अजून काही लिहिलेलं नाही. कॉलेजच्या मित्राला लिहिलं : ‘टीम हरली, खरंय. शनिवारी घरी ये, मॅच सोबत बघू.’ तो येतो म्हणालाय.